लेख शुद्ध झाला, पण माझा राहिला नाही

प्रश्न : गड्ड्याच्या यात्रेवर, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेवर, ६०० शब्दांचा लेख लिहिला आणि एआयला 'सुधारून दे' म्हटलं. परत आला तो गुळगुळीत, पण त्यात मी कुठंच नाही. काय चुकलं? (एक वाचक, बाळीवेस, सोलापूर)

उत्तर : 'सुधारून दे' हेच चुकलं. एवढ्या मोघम सूचनेवर एआय नुसत्या चुका काढत नाही, सगळा मजकूर नव्यानं लिहितं. शब्द निवडतं तेही त्याला सवयीचे झालेले, बातम्यांतले आणि पत्रकांतले. तुम्ही पाठवलेल्या दोन प्रती शेजारी ठेवल्या. मिरवणुकीतल्या नंदीध्वजाबद्दल, म्हणजे त्या उंच काठीबद्दल, तुमचं वाक्य होतं : 'काठी जरा कलली की सगळ्या गर्दीचा श्वास अडकतो.' त्याचं झालं : 'नंदीध्वजांची ही परंपरा सोलापूरच्या सांस्कृतिक वैभवाचे प्रतीक आहे.' काठी गेली, गर्दीही गेली. गावाचं नाव बदललं तर हे वाक्य कुठल्याही जत्रेला चालेल.

आता मूळ मसुदा काढा आणि १५०-२०० शब्दांचा एकेक तुकडा द्या. सूचना अशी : 'फक्त ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार आणि विरामचिन्हांच्या चुका दाखव. वाक्य बदलू नको. मूळ शब्द, दुरुस्त शब्द, कारण असा तक्ता दे.' तक्ताच मागा. आख्खा परिच्छेद परत आला की न सांगता केलेले बदल नजरेतून सुटतात. दुरुस्त्या आपल्या हातानं करा, कारण ऱ्हस्व-दीर्घातही एआय ठामपणे चुकतं. शंका आली की शब्दकोश उघडा. न बदलायच्या शब्दांची यादी आधीच द्या : काठी, गड्डा, बाराबंदी (यात्रेतला पांढरा पोशाख), लेखातल्या आजीच्या तोंडचं 'कुठं' आणि 'केलं'. साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतही पात्राच्या तोंडची बोली उच्चाराप्रमाणे लिहायला मोकळीक आहे. एआय मात्र 'केलं'चं 'केले' करत सुटतं.

'माझ्या शैलीत लिही' हा मार्ग आम्ही सुचवणार नाही. जुने लेख नमुन्याला दिले तरी ते तुमचे दोन-चार लाडके शब्द उचलून जागोजागी पेरतं. त्यापेक्षा त्याला प्रश्न विचारायला लावा : 'बाहेरगावच्या वाचकाला यातलं काय कळणार नाही? फक्त ५ प्रश्न विचार, उत्तरं देऊ नको.' संमती कट्टा म्हणजे काय, अक्षता कशाच्या, असं ते विचारेल. उत्तरं तुम्ही लिहा. लेख तिथंच भरतो. शेवटी आकडे तपासा. नंदीध्वज सात, सिद्धेश्वरांनी स्थापलेली शिवलिंगं ६८. पुनर्लेखनात असे आकडे बिनदिक्कत बदलतात.

प्रश्न : चादरींच्या ऑनलाइन विक्रीसाठी एआयकडून वर्णन लिहून घेतलं. त्यात 'हातमागावर विणलेली' आलं. माल यंत्रमागाचा आहे. चालेल का? (एक विक्रेता, सोलापूर)

उत्तर : अजिबात नाही, ती गिऱ्हाइकाची फसवणूक होईल. तुम्ही नुसतं 'सोलापुरी चादरीचं वर्णन लिही' म्हटलं असेल, तर रिकाम्या जागा त्यानं अंदाजानं भरल्या. आधी माहिती द्या : लांबी-रुंदी, वजन, सूत, यंत्रमाग, जकार्डची (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेची) नक्षी, धुण्याची पद्धत. पुढं लिहा : 'यापलीकडे एकही दावा करू नको.' मग दुकानात गिऱ्हाइकासमोर चादर उलगडताना तुम्ही जे बोलता, ते मोबाइलवर बोलून टाइप करा आणि तेच वर्णनाचं पहिलं वाक्य ठेवा.