पेट्रोल वाचवणारा ‘पाण्याचा किट’

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक लिटरमागे जेमतेम १४ किलोमीटर धावते. पाण्यापासून हायड्रोजन तयार करून इंजिनाला पुरवणारा किट बसवल्यास अ‍ॅव्हरेज वाढेल, असे आमचे मेकॅनिक म्हणतात. तो बसवावा का? – एक वाचक, सातारा

उत्तर : बसवू नये. पाण्याच्या विघटनासाठी लागणारी वीज अल्टरनेटर पुरवतो, अल्टरनेटरला इंजिनच फिरवते आणि इंजिन पेट्रोलवर चालते. या साखळीत प्रत्येक टप्प्यावर ऊर्जा वाया जात असल्यामुळे हायड्रोजन जळून जे परत मिळते, ते खर्चापेक्षा कमीच असते. अशा किटसोबत कधीकधी ऑक्सिजन सेन्सरचा (धुरातला ऑक्सिजन मोजून पेट्रोलचे प्रमाण ठरवायला मदत करणाऱ्या भागाचा) संदेश बदलणारी छोटी डबी जोडली जाते, आणि मला खरी भीती तिचीच वाटते. पेट्रोलच्या एका भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण टिकले, तरच धुरातले घातक वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करतो. डबीने मिश्रणातले पेट्रोल कमी केले, की नायट्रोजनची ऑक्साइडे धुराड्यातून बाहेर पडतात. मंजूर सीएनजी किटची गोष्ट वेगळी. मात्र त्याची आरसी बुकात नोंद करावीच लागते.

कोणताही किट बसवण्याचा विचार करण्याआधी एक साधी तपासणी करावी. दहा-बारा किलोमीटर गाडी चालवून झाल्यावर चारही चाकांजवळ, रिमला न टेकवता, हात धरून पाहावा. एखादे चाक इतरांपेक्षा बरेच तापलेले जाणवले, तर तिथला ब्रेक पूर्ण सुटत नसण्याची शक्यता आहे आणि पेट्रोल तिथेच जात असावे.