400 नंतर पी 500 लावला तर चरे का वाढले

तुमचा प्रश्न असा: पोलादी पात्यावर 240, 320 आणि 400 नंबरचे घासायचे (सँडिंग) पट्टे चालवले, पृष्ठभाग छान एकसारखा झाला. मग दुसऱ्या कंपनीचा पी 500 चा पट्टा चढवला, तर गुळगुळीत होण्याऐवजी चरे पुन्हा उठले. पट्टा खराब निघाला का, आणि आता पी 800 मागवू का?

पट्टा बहुतेक चांगलाच आहे. तुम्ही नकळत एक पायरी मागे गेलात आणि यात तुमचा दोष नाही. आकडा 400 वरून 500 झाला की कुणालाही पट्ट्यावरचा घासणारा दाणा बारीक झाला असंच वाटणार.

पट्ट्याच्या पाठीवर आकड्याच्या आधी ‘पी’ आहे का, हे आधी बघायचं. ‘पी’ म्हणजे फेपा ही युरोपातली मोजणी. तुमच्या पहिल्या तीन पट्ट्यांवर नुसता आकडा आहे, म्हणजे ते अमेरिकन मोजणीचे असण्याची शक्यता मोठी. तिला कॅमी किंवा आन्सी म्हणतात. भरड नंबरांत दोन्ही जवळजवळ सारख्या चालतात. पी 80 चा दाणा सरासरी 200 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), अमेरिकन 80 चा 190 च्या आसपास. 220 ला तर फरक जाणवतही नाही. 240 च्या पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात. पी 400 म्हणजे 35 मायक्रॉन, अमेरिकन 400 म्हणजे 23. पी 600 सुमारे 26, अमेरिकन 600 फक्त 16.

आता तुमचीच उतरंड मायक्रॉनमध्ये मांडा. 240 म्हणजे 53, 320 म्हणजे 36, 400 म्हणजे 23, आणि त्यानंतर पी 500 म्हणजे 30. तेवीसच्या दाण्याने घासलेल्या पात्यावर तुम्ही तीसचा दाणा फिरवलात, चरे उठणारच. पी 800 मागवू नका, तो 22 च्या आसपास आहे, म्हणजे तुमच्या 400 च्याच जागी. सरळ पी 1200 घ्या, तो 15 मायक्रॉनचा.

नंबर मुळात आला चाळणीतून. एका इंचात जितकी भोकं जास्त, तितका त्यातून पडणारा दाणा बारीक, म्हणून आकडा वाढतो तसा दाणा लहान होतो. पण 220 च्या पुढची पूड चाळणीने नीट वेगळी होत नाही. ती द्रवात सोडतात आणि किती वेगाने तळाशी बसते यावरून तिची प्रत ठरवतात. तिथून पुढे प्रत्येक मोजणीने आपापले आकडे लावले. जपानी मोजणी आणखी वेगळी आहे, तिचा 400 सुमारे 30 मायक्रॉनचा. घासण्याच्या चाकांवर ‘एफ’ दिसतो, तोही फेपाचाच, पण त्याचा पी शी मेळ नाही: एफ 400 जेमतेम 17 मायक्रॉनचा. काही पट्ट्यांवर ‘ए’ आणि आकडा असतो, ए 45, ए 16 असा. तिथे गणित उलटं, आकडा लहान तितकं काम बारीक.

पी नसेल तर अमेरिकनच, असं डोळे झाकून धरू नका. काही कंपन्या फेपाचा माल विकतात आणि पी छापायचं राहून जातं. तुमचा 400 जपानी असता तर पी 500 ने जवळपास तसेच चरे आले असते, वाढले नसते. म्हणून मी अमेरिकन म्हणतोय. विक्रेत्याला “किती मायक्रॉन?” एवढंच विचारा. सांगता आलं नाही तर एकच पट्टा घ्या आणि भंगाराच्या तुकड्यावर खात्रीच्या पी पट्ट्याशेजारी घासून बघा.

बघायची रीत सांगतो, कारण समोरून उजेड पडला की सगळंच चकचकीत दिसतं. प्रत्येक नव्या पट्ट्याला पातं थोडं तिरकं धरा, म्हणजे नवे चरे जुन्यांना छेदून जातील. मग दिवा अगदी बाजूला, पात्याच्या पातळीत धरा. जुन्या दिशेची एकही रेघ उरली असेल तर पुढचा पट्टा चढवायचा नाही. मी एकदा स्टेनलेसच्या पट्टीवर ही घाई केली. पी 800 पर्यंत पोचलो आणि तिरक्या उजेडात मधोमध एकच लांब रेघ दिसली, पी 120 ची. ती काढायला मला पुन्हा पी 120 पासूनच सुरुवात करावी लागली.

एकटीच खोल रेघ नव्या पट्ट्याच्याच दिशेने असेल तर प्रकरण वेगळं. तो मापापेक्षा मोठा दाणा असतो. सरासरी बरोबर असूनही असे मोठे दाणे मिसळलेले असतील तर काम बिघडतं. ते किती चालतील याची मर्यादा पी मोजणीत कडक आहे, म्हणून शेवटच्या पायऱ्यांना मी पी छापलेलाच पट्टा वापरतो. भरड पट्टा चालवल्यावर टेबल पुसून घ्या. सुटलेला एक दाणा बारीक पट्ट्याखाली गेला तरी तशीच रेघ पडते.

पायऱ्या किती ठेवायच्या? दाणा दरवेळी साधारण निम्मा करायचा. पी 60, पी 120, पी 220, पी 400 ही साखळी 269, 125, 68, 35 अशी उतरते. बारीक टोकाला दीडपट फरकही पुरतो.

पी 500 चा पट्टा टाकून देऊ नका. पुढच्या पात्याला 240 नंतर थेट तोच लावा, 53 वरून 30, आणि त्यावर पी 1200. मधले 320 आणि 400 लागणारच नाहीत. आत्ताच्या पात्यावर 400 परत चालवा, पी 500 चे सगळे चरे गेले की मगच पी 1200.