सर्वेवाले 'घरात कॉम्प्युटर आहे का, इंटरनेट आहे का' विचारतात तेव्हा मोबाईल धरायचा का?

दादा, तुमचा प्रश्न वाचला. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं गाव, टॅब घेऊन सर्वेवाले आले, कॉम्प्युटर आहे का विचारल्यावर मोबाईल आहे की म्हणून तुम्ही हो म्हटलं, इंटरनेट आहे का विचारल्यावर वायफाय घेतलेलं नाही म्हणून नाही म्हटलं, बायकोचं आणि आईचं पण तुम्हीच सांगून टाकलं, आणि आता वाटतंय की कायतरी चुकलं. तर सरळ सांगते, पहिली दोन्ही उत्तरं उलटी झाली. आणि बायको-आईचं तुम्ही सांगितलं, माझ्या मते खरी चूक तिथं आहे, पण त्याच्याकडं नंतर येते.

मी बेळगावची. काही वर्षं असल्या सर्वेचं फील्डचं काम कॉन्ट्रॅक्टवर केलंय, खानापूर, हुक्केरी, चिक्कोडी, निपाणी सगळीकडं फिरलेय, त्यामुळं हा गोंधळ मी शेकडो उंबऱ्यांवर बघितलाय. तुमचा एकट्याचा नाही.

आधी कॉम्प्युटर. सर्वेच्या भाषेत कॉम्प्युटर म्हणजे डेस्कटॉप, लॅपटॉप, टॅबलेट असली वस्तू. ज्याचं मुख्य काम फोन करणं आहे तो स्मार्टफोन त्यात धरत नाहीत, त्याचा प्रश्न वेगळा असतो. संयुक्त राष्ट्रांची दूरसंचाराची जी संस्था आहे, आयटीयू, तिनं सगळ्या देशांसाठी ही व्याख्या ठरवून दिलीय म्हणजे एका देशाचा आकडा दुसऱ्या देशाशी ताडून बघता यावा. स्मार्ट टीव्ही पण कॉम्प्युटर नाही. आणि लॅपटॉप तुमच्या पैशानं घेतलेला असायला पाहिजे असं नाही, पोराला कॉलेजातून मिळालेला असो नाहीतर कंपनीनं दिलेला असो, घरातल्यांना घरात वापरायला मिळतो तर घरात कॉम्प्युटर आहे.

इंटरनेटचं मात्र बरोब्बर उलटं. तिथं वायफायच पाहिजे, केबलच पाहिजे असं काही नाही, मोबाईलचा डेटा पण इंटरनेटच. तुमच्या फोनवर घरात बसून व्हॉट्सअप चालतं, पोरगी यूट्यूब बघते, मग घरात इंटरनेट आहे. आपल्याकडं 'कनेक्शन' म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर लाईटचं कनेक्शन नाहीतर नळाचं कनेक्शन येतं, भिंतीतून वायर आली पाहिजे असं वाटतं, म्हणून नाही म्हणतात. मी नंतर नंतर कनेक्शन हा शब्दच सोडून दिला, 'घरात बसून मोबाईलवर नेट चालतं का' असंच विचारायची, मग उत्तरं नीट यायची.

आता यातली अवघड बाजू, आणि ती आपल्या भागात लई आहे. घर म्हणजे काय? सर्वेत घर म्हणजे भिंती नाहीत, एका चुलीवर जेवणारी माणसं. एकाच वाड्यात दोन भाऊ वेगळं शिजवून खात असतील तर ती दोन घरं. मग थोरल्याकडं वायफाय आहे आणि धाकट्याची पोरं त्याच्या ओसरीवर बसून वापरतात, तर धाकट्याच्या घरात इंटरनेट आहे का? व्याख्या म्हणते की घरातल्या सगळ्यांना घरी, कधीही वापरायला मिळालं पाहिजे. ओसरीवर बसून मिळतंय पण ते थोरल्याच्या मर्जीवर, त्यानं पासवर्ड बदलला की संपलं. मी अशा वेळी धाकट्याकडं दुसरा फोन, दुसरा डेटा आहे का ते विचारून मगच लिहायची.

दुसरं, घरात एकच स्मार्टफोन आणि तो नवऱ्याच्या खिशात. नवरा उद्यमबागेत फाउंड्रीत, सकाळी सातला बाहेर पडतो, रात्री येतो. त्या घराला इंटरनेट आहे म्हणायचं का? कागदावर बहुतेक वेळा हो जातं, कारण रात्री फोन घरात असतो. पण दिवसभर त्या घरात बाईकडं आणि पोरांकडं काही नाही. नवरा गोव्याला कामाला असेल आणि महिनोन्महिने तिथंच राहत, तिथंच जेवत असेल तर तो या चुलीतला धरतच नाहीत, मग फोनही त्याच्याबरोबर गेला आणि ते घर 'इंटरनेट नाही' मध्ये गेलं. खानापूरकडं अशी घरं मी बरीच लिहिलीत.

आणि याच्या अगदी उलट जांबोटीच्या पुढं कणकुंबीच्या बाजूला रानातल्या वाड्या. घरात रेंज नाही. पोरं रस्त्याच्या वळणावर नाहीतर टेकाडावर जाऊन फोन लावतात, तिथंच रिझल्ट बघतात, फॉर्म भरतात. आता घरात इंटरनेट आहे का तर नाही, पण माणसानं इंटरनेट वापरलं का तर हो. म्हणून सर्वेत दोन वेगळे प्रश्न असतात, एक घराचा आणि एक माणसाचा, आणि लोकांना वाटतं की हे बाबा तेच तेच परत काय विचारताहेत.

माणसाचा प्रश्न एकेकाला वेगवेगळा असतो आणि त्यात काळ ठरवून दिलेला असतो. हा काळ नीट ऐकायचा. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ ला, मागच्या ३० दिवसात इंटरनेट वापरलं का असं विचारलं होतं. नंतरच्या टेलिकॉमच्या सर्वेत मागचे तीन महिने. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नुसतं 'कधी वापरलंय का', आयुष्यात एकदा वापरलं तरी हो. हे तीन आकडे एका ओळीत लावून 'बघा किती वाढलं' म्हणणारे खूप भेटतात, तसं करू नका.

आता बायको आणि आईचं. दादा, राग मानू नका, पण तुम्ही त्यांना विचारून सांगितलं का अंदाजानं? मी फील्डवर बघितलंय, कर्ता माणूस खुर्चीत बसून सगळ्यांची उत्तरं देतो, 'तिला काय येतंय मोबाईल, लिहा नाही'. आणि आतून ती बाई चहा घेऊन येते आणि हळूच म्हणते, मी बचत गटाचा ग्रुप चालवते की, फोटो टाकते, हप्त्याचा हिशोब पाठवते. एका घरात असं झालं तेव्हा मी तिथंच खोडून परत लिहिलं. पण जिथं बाई बाहेर आलीच नाही तिथं काय? तिथं 'नाही' असंच गेलं असणार आणि ते मला आजही लागतं. उलटं पण होतं, बाप छातीठोक सांगतो पोरीला कॉम्प्युटर येतो, पोरीला विचारलं तर शाळेत दोनदा माऊस हातात धरलेला.

'येतो का' याला पण व्याख्या आहे. कॉम्प्युटर येतो म्हणजे फाईल कॉपी करणं किंवा हलवणं, कॉपी-पेस्ट, फाईल जोडून ईमेल पाठवणं असलं एखादं काम स्वतःला जमतं का. नुसतं 'येतं का' विचारलं की आपली माणसं लाजून नाही म्हणतात नाहीतर अभिमानानं हो म्हणतात, काम सांगून विचारलं की खरं येतं.

कुटुंब आरोग्य सर्वेत बाईचे प्रश्न बाईलाच वेगळं बसवून विचारतात, म्हणून तिथला फरक मला जास्त भरवशाचा वाटतो. २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी देशात ३३.३ टक्के बायकांनी कधीतरी इंटरनेट वापरलं होतं, पुरुष ५७.१ टक्के. कर्नाटकात बायका ३५ टक्के, पुरुष ६२.४. खेड्यातल्या बायका देशभरात धरल्या तर २४.६, म्हणजे चारात एक. घराचा आकडा कितीही वर गेला तरी ही दरी त्यात दिसत नाही, कारण घरात एका पुरुषाच्या खिशात फोन असला की सगळं घर 'हो' होतं.

भाषेचं पण सांगायला पाहिजे. आमच्याकडं छापील कागद कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत, समोरची आजी मराठी बोलणारी, मग मी उभ्या उभ्या मनातल्या मनात मराठी करून विचारायची. दुसरी पोरगी तिच्या शब्दात विचारणार, तिसरा त्याच्या. प्रश्न एकच पण प्रत्येक उंबऱ्यावर थोडा वेगळा पडतो. प्रश्न मराठीत ठरवून लिहून दिलेले असते तर आपल्या गावांची उत्तरं नक्कीच जास्त पक्की आली असती, हे मी तेव्हाही बोलले होते आणि आजही माझं तेच मत आहे. तुम्हाला समजलं नाही तर बिनधास्त म्हणा, मराठीत परत सांगा.

तुम्ही विचारलंय की याचा उपयोग काय. २०११ च्या जनगणनेत देशातल्या फक्त ९.५ टक्के घरात कॉम्प्युटर होता आणि इंटरनेटसकट कॉम्प्युटर असलेली घरं ३.१ टक्के. २०१७-१८ च्या त्या ७५ व्या फेरीत कॉम्प्युटर १०.७ टक्के घरात, इंटरनेट २३.८ टक्के घरात, आणि खेड्यात इंटरनेट नुसतं १४.९. मग २०२० ला शाळा बंद झाल्या, ऑनलाईन शिकवा म्हणून सगळीकडं सुरू झालं, तेव्हा किती पोरांच्या घरी नेट आहे हे सांगायला देशभरात हाच आकडा पुढं आला. कर्नाटकात त्याच ऑगस्टमध्ये विद्यागम सुरू झालं, मास्तर लोक वाडीवर जाऊन देवळाच्या कट्ट्यावर, झाडाखाली पोरांना शिकवायला लागले, आणि पोरांचे गट पाडताना कुणाकडं फोन आहे, कुणाकडं नेट आहे, कुणाकडं काहीच नाही हेच बघावं लागलं. उत्तर चुकलं की असं होतं बघा, पोराकडं नसलेलं नेट कागदावर असतं आणि धडा मोबाईलवर जातो.

२०२५ च्या जानेवारी ते मार्चमध्ये झालेल्या टेलिकॉमच्या सर्वेत घरात इंटरनेट असलेली घरं ८६.३ टक्के निघाली आणि निदान एक स्मार्टफोन असलेली ८५.५. हे दोन आकडे एकमेकाला किती चिकटून आहेत बघा. म्हणजे बहुतेक घरांचं इंटरनेट म्हणजे तो फोनच. वाढ खरी आहे, पण मघाशी सांगितलेला खिसा विसरू नका.

कोण म्हणेल की कंपन्यांकडं सिमचा हिशोब असतोच की, घरोघर कशाला फिरायचं. ट्राय, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, सिम मोजते, माणूस नाही. एकाकडं दोन सिम म्हणजे दोन. आणि आपल्या सीमेवर तर अजून घोळ, निपाणीतला माणूस कोल्हापुरातनं घेतलेलं सिम वापरतो, खानापूरचा गोव्याचं, ती दोन्ही टेलिकॉमच्या महाराष्ट्र सर्कलमध्ये, म्हणजे विभागात, मोजली जातात कारण गोवा पण त्याच सर्कलमध्ये येतो, आणि माणूस राहतो कर्नाटकात. सर्वे माणसाला तो जिथं जेवतो तिथं मोजतो, म्हणून मला सर्वेच बरा वाटतो.

तुमचंच घर का निवडलं, तर त्यात कुणाची खोडी नाही. गावं चिठ्ठी काढल्यासारखी निवडतात, मग गावातल्या घरांची यादी करून त्यातली थोडी घरं. ७५ व्या फेरीत अख्ख्या देशात १,१३,७५७ घरं होती, निवडलेल्या प्रत्येक गावात साधारण आठ. म्हणजे तुमचं एक उत्तर हजारो घरांच्या वतीनं जातं. २०२५ च्या सप्टेंबरात कर्नाटकाच्या मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण झालं, शिक्षक प्रत्येक दारात आले, ते वेगळं, ते सगळ्यांचं होतं. जनगणना पण सगळ्यांची, आणि घरयादीत इंटरनेट, लॅपटॉप आणि स्मार्टफोन हे प्रश्न आता वेगवेगळे आहेत.

आणि लॅपटॉप आहे सांगितलं तर बीपीएल कार्ड जाईल ही भीती. मला कितीतरी घरात दिसलंय, पोरीचा लॅपटॉप पटकन गादीखाली. नमुना सर्वेची माहिती २००८ च्या सांख्यिकी संकलन कायद्याखाली फक्त आकडेवारीसाठी वापरायची असते, तुमच्या नावानं ती छापत नाहीत. बँकेचा पिन, पासवर्ड मात्र असल्या सर्वेत कुणीच विचारत नाही, विचारला तर तो सर्वेवाला नव्हे.

ते लोक अजून गावात असतील तर दुरुस्ती होते, घाबरू नका. सकाळी लवकर गाठा, नंतर ते दुसऱ्या वाडीला निघून जातात. म्हणा, कॉम्प्युटर नाही, इंटरनेट मोबाईलवर आहे, आणि या दोघींचं परत घ्या. वहिनींना आणि आईंना घेऊनच जा, त्यांचं त्यांना बोलू दे.