मातीतली पाचर

प्रश्न : संगमेश्वरजवळ आमची आंब्याची बाग आहे. नवीन कलमांसाठी जूनमध्ये खड्डे खणताना दोन-अडीच फुटांवर पेन्सिलीएवढी, आतून गुळगुळीत बिळं लागली. आत गांडुळं होती. हात-पाय नाहीत, दात नाहीत, मग ती बीळ पाडतात कशी? गांडूळखताच्या टाकीतली गांडुळं बागेत सोडली तर तीही अशी बिळं करतील का? एका खड्ड्यात वीतभर लांब, शेपूट तिरकी छाटल्यासारखा प्राणी निघाला. गड्याने साप समजून मारला. तो कोण?

उत्तर : गांडूळ माती उकरत नाही, ढकलतं. त्याच्या अंगात पाण्यासारखा द्रव असतो आणि तो दाबला जात नाही. आडवे, कंकणासारखे स्नायू आवळले की पुढचे वेढे बारीक होऊन लांबतात आणि तोंडाचं टोक मातीच्या फटीत शिरतं. मग उभे स्नायू आखडतात, तोच भाग फुगतो आणि फट रुंदावते. लाकडात पाचर ठोकावी, तसंच हे. समुद्राच्या चिखलात राहणारे काही किडेही असेच पुढे चीर पाडत सरकतात, हे संशोधक केली डॉर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये दाखवलं. चिखलातलं दिसत नाही म्हणून त्यांनी किडे पारदर्शक जिलेटिनमध्ये सोडले होते.

पण पाचर मागे सरकू नये म्हणून काहीतरी धरून ठेवायला हवं. ते काम अंगावरच्या बारीक राठ केसांचं. शाळेत शिकवायचे तेव्हा मी मुलांना गांडूळ कोऱ्या जाड कागदावर ठेवायला सांगायचे आणि वर्ग गप्प करायचे. कान लावला की खरखर ऐकू येते. तो आवाज ऐकून डोळे विस्फारलेली मुलं मला अजून आठवतात.

माती फारच घट्ट असली तर गांडूळ ती खात पुढे जातं. पावसाळ्यात वर दिसणाऱ्या मातीच्या गोळ्यांच्या ढिगल्या त्यातूनच येतात. बीळ गुळगुळीत असतं ते अंगावरच्या चिकट स्रावामुळे. उन्हाळ्यात गांडूळ खोल जाऊन गाठ मारल्यासारखं पडून राहतं.

टाकीतली गांडुळं मात्र बहुधा आयसेनिया फेटिडा जातीची. ती कुजक्या पाल्यात, शेणात वरवर राहतात, खोल बिळं पाडत नाहीत. खत त्यांच्याकडून घ्या, पण बिळांसाठी बागेतलीच गांडुळं सांभाळा. झाडाखालचा पाचोळा जाळू नका आणि विनाकारण नांगर घालू नका. त्या बिळांतून पावसाचं पाणी खाली मुरतं, मुळंही त्याच वाटेने जातात.

आता तो प्राणी. वर्णनावरून तो खापरखवल्या असावा. हा बिनविषारी साप सह्याद्रीतल्या भुसभुशीत मातीत राहतो आणि गांडुळं खातो, म्हणून तर तुमच्या खड्ड्यात आला. त्याचं डोकं निमुळतं, टोकदार. पाठीचा कणा कातडीच्या आतल्या आत वळवून तो बिळाच्या भिंती दाबून धरतो आणि डोकं पुढे रेटतो. खापरासारख्या खरबरीत शेपटीला माती चिकटते आणि मागचं बीळ बुजतं. गेला याचं फार वाईट वाटलं. पुन्हा सापडला तर हात न लावता फावड्यावर मातीसकट उचला आणि सावलीतल्या ओल्या पाचोळ्यात सोडा. गड्यालाही आधीच सांगून ठेवा.