बाबांचा हात-पाय अचानक जास्त ताठरलाय? गोळीला हात लावण्याआधी कारण शोधा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. बाबांना मागच्या वर्षी उजव्या बाजूचा पॅरालिसिस झाला, ताठरपणाची गोळी बॅक्लोफेन चालू आहे, हात कोपरात दुमडलेला आणि मूठ घट्ट. हे सगळं आधीपासून होतंच, पण गेल्या आठवड्याभरात पाय इतका ताठ झालाय की खुर्चीत बसवायला दोघं लागतात. भाऊ म्हणतो, गोळीने नुसते झोपून असतात, बंद करू. मालिशवाले काका म्हणतात, रोज जोर लावून बोटं उघडली की मोकळी होतील. माझ्या मिस्टरांच्या मणक्याला इजा झाली तेव्हापासून हा ताठरपणा आमच्या घरात आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी भावाला थांबवा. बॅक्लोफेन एकदम बंद करायची नसते. अचानक तोडली तर ताठरपणा उलटून जास्त येतो, भास होतात, फिट येऊ शकते. झोप येते ही तक्रार खरी आहे आणि ती डॉक्टरांना सांगायलाच हवी. ते डोस हळूहळू उतरवतील किंवा दिवसातल्या वेळा बदलून देतील. किडनीचा काही त्रास असेल तर तोही सांगा, कारण हे औषध मुख्यतः किडनीवाटे बाहेर पडतं आणि किडनी कमजोर असेल तर नेहमीच्या डोसनेही गुंगी चढते. गावाला जाताना गोळ्या संपणार नाहीत एवढा साठा जवळ ठेवा.

आता आठवड्याभरात का वाढला? मेंदूकडून मणक्यातल्या नसांना सतत 'शांत राहा' असा निरोप जात असतो. स्ट्रोकमध्ये, म्हणजे पॅरालिसिसच्या झटक्यात, तो मार्ग तुटतो. मग स्नायू जरा ताणला गेला तरी मणका त्याला आवळण्याचा हुकूम देतो, आणि शरीरात कुठेही काही खुपलं की हा हुकूम अजून जोरात सुटतो. म्हणून आहे तो ताठरपणा एकाएकी वाढला, तर माझ्या मते 'गोळी कमी पडतेय' हा शेवटचा अंदाज असावा. आधी खुपतंय काय ते शोधायचं.

पहिला संशय लघवीचा. ताप नसतानाही इन्फेक्शन असू शकतं. लघवीला वास येतोय का, गढूळ आहे का, थोडी थोडी होतेय का, पोट खालच्या बाजूला टणक लागतंय का, बघा. दुसरं, बद्धकोष्ठता. थंडी सुरू झाली की आपल्याकडे म्हातारी माणसं पाणीच पीत नाहीत, त्यात बॅक्लोफेननेही पोट धरतं. तीन-चार दिवस साफ झालं नसेल तर पायाचा ताठरपणा तिथूनही आलेला असू शकतो. मग कपडे काढून पूर्ण अंग उजेडात बघा: माकडहाड, टाचा, घोटे, कुठे लाल डाग किंवा जखम आहे का. डायपरची कड, मोज्याचं इलॅस्टिक, स्प्लिंटचा (हात-पाय सरळ धरून ठेवणाऱ्या आधाराचा) पट्टा रुततोय का. उजवा खांदा दुखतोय का.

मिस्टरांचा डावा पाय एकदा रात्री सारखा उडायला लागला. त्यांना कमरेखाली काही जाणवत नाही, त्यामुळे ते सांगणार तरी काय. लघवी तपासली, पोट तपासलं, सगळं ठीक. शेवटी मोजा काढला तर अंगठ्याचं नख कडेने मांसात रुतलेलं आणि बाजूला पू. नखाचा इलाज झाल्यावर पाय पूर्ववत झाला. गोळी तेवढीच राहिली.

लघवीत इन्फेक्शन निघालं तर एक गोष्ट आवर्जून सांगा: बाबांना टिझॅनिडिन चालू असेल (ताठरपणासाठी तेही बरेचदा देतात), तर त्याच्यासोबत सिप्रोफ्लॉक्सासिन चालत नाही. या अँटिबायोटिकमुळे टिझॅनिडिनचं रक्तातलं प्रमाण खूप वाढतं, बीपी कोसळतं, माणूस गुंगीत जातो. लघवीच्या इन्फेक्शनला सिप्रो सर्रास लिहिली जाते आणि लिहिणाऱ्या डॉक्टरांसमोर न्यूरोची फाइल नसते. चालू गोळ्यांची चिठ्ठी पाकिटातच ठेवा.

थंडीनेही वाढतो, हे खरं. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो, निफाडकडे तर त्याहून खाली, आणि सकाळी हात-पाय लाकूड झालेले असतात. आम्ही त्या दिवसांत अंघोळ दुपारी ठेवतो आणि व्यायाम अंघोळीनंतर. गरम पाण्याची पिशवी मात्र ज्या बाजूला कमी जाणवतं तिथे लावू नका. चटका बसलेला कळत नाही.

मालिशवाल्या काकांचं. तेल हलक्या हाताने लावायला हरकत नाही, जोर लावायला आहे. या ताठरपणाचा स्वभावच असा की वेग वाढला की विरोध वाढतो. गाडीचा सीटबेल्ट झटक्याने ओढला की अडकतो, हळू ओढला की येतो, तसंच. मूठ उघडताना बोटांची टोकं धरून ओढू नका. आधी बाबांचं मनगट हळूच तळव्याच्या बाजूला वाकवा, त्याने बोटांच्या शिरा सैल पडतात. मग अंगठा टोकाला नाही, बुडाशी धरून तळव्याबाहेर घ्या. मग एकेक बोट. सगळी उघडली की बोटं तशीच धरून मनगट सावकाश सरळ करा आणि थांबा. मनात तीसपर्यंत मोजा. आतून ढिलं पडल्याचं हाताला कळतं. तेवढ्यात तळवा ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडा करा, नखं कापा. घट्ट मुठीत घाम साचून कातडी पांढरी पडते, बुरशी होते, आणि ती खाज-जळजळ पुन्हा मूठ आवळते. चेंडू दाबायला देण्याबद्दल फिजिओला विचारा. मला स्वतःला ते पटत नाही, कारण मिटणारे स्नायू आधीच ओढतायत, सराव उघडण्याचा हवा.

उठवताना उजव्या हाताला धरून कधीच ओढू नका. खांदा निसटतो, आणि ते दुखणं फार चिवट असतं.

हळू ताणूनही सांधा एका जागी येऊन अडकत असेल, पुढे जातच नसेल, तर स्नायू आखडून लहान झालेला असू शकतो. त्याला गोळी पुरत नाही, स्प्लिंट किंवा टप्प्याटप्प्याने बदलायचं प्लास्टर लागतं. फिजिओकडून हे तपासून घ्याच. स्प्लिंट काढल्यावरची लाली अर्ध्या तासात गेली नाही तर ती बदलून घ्या.

पायाबद्दल मात्र सगळा ताठरपणा घालवायचा हट्ट नको. बाबा धरून उभे राहतात असं तुम्ही लिहिलंय. बऱ्याच जणांचा अशक्त पाय त्या कडकपणावरच उभा असतो, औषध जास्त झालं की गुडघा मोडून खाली बसतात. डॉक्टरांना 'कमी करा' एवढंच न सांगता नेमकं काय जमत नाही ते सांगा: मूठ धुता येत नाही, बाही घालता येत नाही, टाच टेकत नाही. ठरावीक स्नायूंचाच त्रास असेल तर बोटॉक्सचं इंजेक्शन हा चांगला पर्याय आहे. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो, साधारण तीन-चार महिने टिकतो, गोळीसारखी गुंगी सहसा येत नाही. पण त्या काळात ताणण्याचा व्यायाम आणि स्प्लिंट नसेल तर पैसे वाया जातात.

ताप, नवीन अशक्तपणा, बोलणं अडखळणं, फिट किंवा बरळणं, यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका, सरळ कॅज्युअल्टीत न्या. आणि ज्यांच्या घरी छातीच्या किंवा मानेच्या मणक्याची इजा आहे त्यांच्यासाठी: ताठरपणासोबत डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला, बीपी चढलं, तर माणसाला लगेच बसतं करा, कपडे सैल करा, लघवीच्या कॅथेटरची नळी मुडपली आहे का बघा आणि तातडीने मदत बोलवा.

दिव्यांग प्रमाणपत्र काढलं नसेल तर यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या) साइटवर अर्ज भरा, तपासणी नाशिकला त्र्यंबक रोडच्या सिव्हिल हॉस्पिटलला होते. बाबांना तिथवर नेताना रिक्षात खड्ड्यांच्या हादऱ्याने पाय उडतो, तेव्हा पाऊल खाली पूर्ण टेकेल असं बसवा आणि गुडघ्यावर तुमचा हात ठेवा.

उद्या सकाळी लघवीची रुटीन (साधी तपासणी) आणि कल्चर (जंतू कोणते ते बघणारी) दोन्ही द्या, अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. पोट कधी साफ झालं होतं ते आईला विचारा. रिपोर्ट आला की कळवा, सोबत बॅक्लोफेन किती मिलिग्रॅमची आणि दिवसातून किती वेळा चालू आहे तेही लिहा.