विश्वासणारा स्वतःला ‘नीतिमान’ही म्हणवतो आणि ‘पापी’ही, मग देवापुढे तो नेमका कोण?

आपण विचारले आहे की, ख्रिस्ती माणूस एकाच प्रार्थनेत स्वतःला देवाचे लेकरू आणि नीतिमान म्हणवतो व पुढच्याच वाक्यात पापांची क्षमा मागतो. या दोहोंत खरे कोणते, क्षमा झालेलीच असेल तर रोज कबुली कशासाठी, आणि देवापुढे आपण निर्दोष आहोत असे म्हणणे हा अहंकारच नाही का. मी स्वतः विश्वासणारा आहे आणि प्रोटेस्टंट परंपरेतला आहे. हे उत्तर त्या बाजूने लिहिलेले आहे. जिथे इतर मंडळ्यांचे मत वेगळे आहे तिथे तसे सांगेन.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, परंतु त्या एकाच प्रश्नाची उत्तरे नाहीत. देवाने मला कोणत्या नात्याने स्वीकारले आहे, या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्ताकडे पाहून दिले जाते. माझे आजचे जगणे कसे आहे, याचे उत्तर माझ्याकडे पाहून. पहिल्या उत्तरावर दुसरे उभे राहते. हा क्रम उलटा केला की विश्वासणारा एक तर सतत धास्तावलेला राहतो किंवा ढोंगी होतो.

हा क्रम सर्वांत ठळकपणे दिसतो तो नव्या करारात, प्रेषित पौलाने करिंथ शहरातील मंडळीला (ख्रिस्ती समुदायाला) लिहिलेल्या पहिल्या पत्रात. साधारण इ.स. ५५ च्या सुमारास इफिसहून लिहिलेल्या या पत्राच्या सुरुवातीलाच तो त्या मंडळीला ख्रिस्त येशूमध्ये पवित्र केलेले लोक म्हणून संबोधतो. पुढे वाचत गेले की ही पवित्र माणसे कशी होती ते कळते: मंडळीत गट पडलेले आहेत, भाऊ भावाविरुद्ध न्यायालयात गेला आहे, एकाने बापाची बायको ठेवली आहे आणि त्याचे कोणाला दुःखही नाही, प्रभुभोजनाच्या वेळी एक भुकेला राहतो तर दुसरा मद्याने धुंद होतो. पौलाला हे सर्व ठाऊक आहे. तरीही तो दिलेले संबोधन मागे घेत नाही. उलट त्याच संबोधनाच्या बळावर त्यांना फैलावर घेतो. पाचव्या अध्यायात तो जुने खमीर (पीठ फुगवणारे आंबवण, इथे पापाचे चित्र) काढून टाका असे सांगतो आणि कारण देतो की तुम्ही बेखमीर आहातच. आपल्या नेहमीच्या तर्काला हे पटत नाही, कारण आपण म्हणू की आधी खमीर काढा, मग बेखमीर व्हाल. पौल मात्र आधी ते कोण आहेत हे सांगतो आणि मग त्याला साजेसे वागण्याची आज्ञा करतो. इफिसकरांस पत्राची रचनाही अशीच आहे. पहिल्या तीन अध्यायांत देवाने ख्रिस्ताच्या ठायी काय केले त्याचेच वर्णन आहे आणि वाचकाला आज्ञा म्हणावी तर ‘आठवण करा’ एवढीच. लबाडी, राग, चोरी, घरातील वागणूक यांविषयीच्या आज्ञांची रांग लागते ती चौथ्या अध्यायापासून.

आता आपल्या प्रश्नातील सर्वांत अवघड भागाकडे येतो. पापी माणसाला देव निर्दोष ठरवतो, हे न्याय्य कसे? हा आक्षेप बाहेरून आलेला नाही, तो पवित्र शास्त्राच्या पोटातलाच आहे. नीतिसूत्रांच्या सतराव्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे की दुष्टाला निर्दोष ठरवणारा आणि नीतिमानाला दोषी ठरवणारा, या दोघांचाही परमेश्वराला वीट आहे. याच शास्त्रात वाढलेला आणि परूशी (नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या यहूदी पंथाचा) म्हणून शिकलेला पौल रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात लिहितो की देव अधर्म्याला नीतिमान ठरवतो. त्याला हा विरोध दिसला नसेल, हे शक्यच नाही. त्याचे उत्तर आधीच्या, म्हणजे तिसऱ्या अध्यायात आहे: देवाने ख्रिस्ताला त्याच्या रक्ताद्वारे प्रायश्चित्त म्हणून पुढे ठेवले, ते अशासाठी की देव स्वतः न्यायी ठरावा आणि येशूवर विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमान ठरवणाराही ठरावा. पापाकडे काणाडोळा झालेला नाही. त्याचा निवाडा झाला, पण तो वधस्तंभावर झाला. म्हणून ख्रिस्ती माणूस ‘देव दयाळू आहे, चालवून घेईल’ असे म्हणतो तेव्हा तो स्वतःच्या विश्वासाचा गाभाच सोडून बोलत असतो. देवाने चालवून घेतलेले नाही. म्हणूनच दिलेली क्षमा डळमळत नाही.

जुन्या करारातील जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातील दृष्टान्तात हेच चित्र कित्येक शतके आधी येते. मुख्य याजक यहोशवा मळकी वस्त्रे घालून उभा आहे आणि उजव्या हाताला सैतान त्याच्यावर दोषारोप करायला उभा आहे. तो आरोप खोटा आहे असे तिथे कोणीही म्हणत नाही. वस्त्रे खरोखरच मळकी आहेत. यहोशवा स्वतःच्या बचावासाठी एक शब्दही बोलत नाही. परमेश्वर आरोप करणाऱ्याला धमकावतो, मळकी वस्त्रे उतरवायला लावतो आणि नवी चढवायला लावतो. यहोशवाच्या वाट्याला फक्त उभे राहणे येते. देवापुढील स्थान समजावून सांगायला मला याहून चांगला उतारा सापडलेला नाही.

निर्दोष सुटलेला आरोपी न्यायालयातून बाहेर पडला की न्यायाधीशाशी त्याचा संबंध संपतो. नवा करार तिथे थांबत नाही. तो न्यायाधीशाच्या घरात नेतो. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल दत्तकपणाच्या आत्म्याविषयी बोलतो, ज्याच्या योगे विश्वासणारा देवाला ‘अब्बा, बापा’ अशी हाक मारतो. हे पत्र साधारण इ.स. ५७ मधले. तेव्हा रोमच्या सिंहासनावर नीरो होता. क्लौद्य कैसराने त्याला इ.स. ५० मध्ये दत्तक घेतले आणि इ.स. ५४ मध्ये क्लौद्य मरण पावला तेव्हा त्याचा पोटचा मुलगा ब्रितानिकुस जिवंत असूनही सम्राटपद नीरोकडे गेले. दत्तक गेलेला माणूस जुन्या घराच्या अधिकारातून सुटून पूर्णपणे नव्या पित्याचा होतो, हे रोमच्या वाचकाला समजावून सांगावे लागत नव्हते. त्याच्या डोळ्यांदेखत साम्राज्यच दत्तकपुत्राच्या हाती गेले होते. फरक एवढाच की त्या राजवाड्यात दत्तकाने पोटच्या मुलाला बाजूला सारले, आणि इथे एकुलता एक पुत्रच इतरांना आपल्याबरोबर वारीस करून घेतो. गलतीकरांस पत्रात हे पुत्रत्व यहूदी व हेल्लेणी (ग्रीक), दास व स्वतंत्र, पुरुष व स्त्री अशा सर्वांना एकाच पायरीवर दिलेले आहे. ज्या समाजात दासाला कशाचाही वारसा मिळत नव्हता, त्या समाजात हे वाचले जात होते, हे लक्षात घ्यावे.

यावरून कबुलीच्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेचा क्रम पाहा: ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ हे शब्द आधी येतात आणि आमची ऋणे (म्हणजे पापे) आम्हांस सोड ही विनंती बरीच नंतर. क्षमा मागून झाल्यावर ‘पिता’ म्हणण्याची परवानगी मिळते, असे तिथे नाही. योहानाच्या पहिल्या पत्रातही आपल्या ठायी पाप नाही असे म्हणणारा स्वतःला फसवतो, असे बजावल्यावर लगेच पुढच्या अध्यायात सांगितले आहे की कोणी पाप केले तर पित्याजवळ आपला कैवारी आहे, तो म्हणजे येशू ख्रिस्त. ‘पित्याजवळ’ हा शब्द पाप घडल्यानंतरही तसाच राहिला आहे. पापाने काहीच बिघडत नाही असा याचा अर्थ नाही. सहवास बिघडतो, आनंद जातो, प्रार्थना कोरडी होते. एकावन्नाव्या स्तोत्रात उद्धाराचा हर्ष मला पुन्हा दे अशी याचना आहे ती याचसाठी. इब्री लोकांस पत्राचा बारावा अध्याय तर म्हणतो की देव ज्याला पुत्र म्हणून स्वीकारतो त्याला शिक्षाही करतो. पण ती शिक्षा घरातली आहे, घराबाहेर काढण्याची नाही.

‘मग पाप करतच राहावे, कृपा आहेच’ हा आक्षेप आपण घेतला नाहीत, पण वाचकांपैकी कोणीतरी घेईल. पौलाच्या काळीही तो घेतला गेला होता आणि रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय त्याचे उत्तर आहे: बाप्तिस्म्यात जो ख्रिस्ताबरोबर मेला आणि त्याच्याबरोबर उठवला गेला, तो जुन्या धन्याची चाकरी कशी करील? याकोबाने कृतींशिवाय विश्वास निर्जीव आहे असे लिहिले, तेही याच अंगाने मी वाचतो. मुळे कृतीत नाहीत, पण फळ कृतीतच दिसते.

इथे ख्रिस्ती मंडळ्यांतील मतभेद सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. प्रोटेस्टंट चळवळीचा आरंभ करणाऱ्या मार्टिन लूथरने १५१५-१६ मध्ये रोमकरांस पत्रावर दिलेल्या व्याख्यानांत विश्वासणारा एकाच वेळी नीतिमान आणि पापी आहे, असे मांडले. रोमन कॅथलिक मंडळीच्या ट्रेंट येथील धर्मसभेने जानेवारी १५४७ मध्ये उत्तर दिले की नीतिमान ठरणे म्हणजे केवळ पापांची क्षमा नव्हे, तर अंतर्यामीच्या माणसाचे पवित्रीकरण आणि नूतनीकरणही त्यात येते. ऑर्थोडॉक्स मंडळ्या न्यायालयाच्या भाषेपेक्षा देवाच्या जीवनात सहभागी होण्याच्या भाषेवर भर देतात. पेत्राच्या दुसऱ्या पत्रातील ईश्वरी स्वभावाचे भागीदार हे वर्णन त्यांना जवळचे आहे. लूथरन आणि कॅथलिक मंडळ्यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासाने आपण देवाला मान्य होतो, हे त्यांनी तीत एकत्र म्हटले. सर्व मतभेद मिटले नाहीत, पण साडेचार शतकांनंतर एवढे एका सुरात म्हणता येणे ही माझ्या मते लहान गोष्ट नाही. एकदा मिळालेले स्थान गमावता येते का, यावर प्रोटेस्टंटांतही एकमत नाही. तो वेगळ्या उत्तराचा विषय आहे.

अहंकाराविषयी. आपला संशय रास्त आहे, कारण हा दावा स्वतःच्या गुणवत्तेवर केला असता तर त्याहून मोठा अहंकार नसता. लूकच्या अठराव्या अध्यायात मंदिरात प्रार्थना करणारा परूशी नेमके तेच करतो. आपले उपास आणि दशमांश मोजून दाखवतो. नीतिमान ठरून घरी जातो तो दूर उभा राहून ऊर बडवणारा, लोक पापी मानत असा जकातदार. पौलाकडेही मोजून दाखवण्यासारखे पुष्कळ होते: आठव्या दिवशी सुंता, बन्यामिनाचा वंश, नियमशास्त्राविषयी निष्कलंक. फिलिप्पैकरांस पत्रात तो ही सारी मिळकत केरकचरा ठरवतो आणि स्वतःचे नव्हे तर ख्रिस्तावरील विश्वासाने मिळणारे नीतिमत्त्व मागतो. दुसऱ्याच्या देण्यावर उभ्या असलेल्या माणसाला शेजाऱ्याकडे खाली पाहण्याची जागा उरत नाही. तरीही ‘आम्ही निवडलेले’ म्हणत इतरांना तुच्छ लेखणारे विश्वासणारे आपल्याला भेटले असतील. ते आपल्या शिकवणीशीच विसंगत वागत असतात, असे मी स्पष्ट म्हणतो.

याच ओघात एक नाराजीही नोंदवतो. अलीकडे ‘ख्रिस्तात मी विजेता आहे, मी राजपुत्र आहे’ अशी वाक्ये मनोबल वाढवण्याच्या मंत्रांसारखी घोकली जातात. शब्द शास्त्रातलेच असतात, पण त्यांतून वधस्तंभ वगळला जातो, आणि जो सहवारीस तो ख्रिस्ताच्या दुःखातही सहभागी, ही रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातली पुढची ओळ कोणी घोकत नाही. अशी ओळख पहिल्या मोठ्या आजारात किंवा अपयशात कोलमडते, कारण ती मुळातच भावनेवर टेकलेली असते.

भावनेचा प्रश्न मात्र खरा आहे. अनेक प्रामाणिक विश्वासणाऱ्यांना आपण देवाची लेकरे आहोत असे महिनोन्‌महिने वाटत नाही, आणि वाटत नाही म्हणून ते नसेलच, असे ते धरून चालतात. त्यांच्यासाठी योहान लिहितो की आपले अंतःकरण आपल्याला दोषी ठरवते तेव्हा देव आपल्या अंतःकरणापेक्षा थोर आहे. निकाल देण्याचा अधिकार अंतःकरणाला दिलेलाच नाही. आपण देवाची मुले आताच आहोत, पण पुढे काय होऊ हे अजून प्रकट झालेले नाही, असेही त्याच अध्यायात आहे. त्यामुळे ‘देवापुढे तो नेमका कोण’ या आपल्या प्रश्नाचा एक भाग ख्रिस्त प्रकट होईपर्यंत विश्वासणाऱ्याला स्वतःलाही दिसणार नाही.