कबुतरं नकोत, बाकी सगळं मुलांना ठरवू द्या

प्रश्न: मी सातारा जिल्ह्यात सहावीला शिकवते. ऑलिम्पिक आपल्याकडे झालं तर उद्घाटन कसं करायचं, हा प्रोजेक्ट मुलांनी घेतलाय, स्पोर्ट्स डेला ग्राउंडवर करून दाखवायचाय. मुख्याध्यापक म्हणतात कोरिओग्राफर बोलवा, मुलांना खरी कबुतरं उडवायचीत. सुरुवात कुठून करू?

उत्तर: मॅडम, कोरिओग्राफर अजिबात बोलवू नका, तो आला की त्याचं गॅदरिंग होतं आणि मुलं नुसत्या स्टेप्स पाठ करतात. आधी काय ठरलेलं असतं तेवढं सांगा. संचलनात ग्रीस पहिला, यजमान शेवटी, शिवाय ध्वज, शपथ, उद्घाटनाची घोषणा, ज्योत. बाकी सगळं यजमानाच्या मनावर.

देशांचा क्रमसुद्धा यजमानाच्या भाषेत लागतो बरं का, २००८ला बीजिंगमध्ये चिनी अक्षरांच्या रेघा मोजून लावला होता, टोकियोत जपानी वर्णमालेने. मग तुमच्याकडे अआइई ने लावा, इंग्रजीत कायम शेवटी राहणारा झिम्बाब्वे किती पुढे येतो ते मुलांनाच शोधू दे, भूगोलाचा तास आपोआप होतो.

खरा वेळ द्यायचा तो "आपण जगाला काय दाखवायचं" यावर. लंडनने २०१२ला खऱ्या नर्सेसना हॉस्पिटलच्या पलंगांसकट मैदानात नाचवलं, कारण सरकारी आरोग्यसेवेचा त्यांना अभिमान आहे. तुमच्या मुलांना कशाचा आहे ते विचारा आणि गप्प बसून ऐका, कोणी एसटी म्हणेल, कोणी ऊसतोड, लेझीमच पाहिजे असा हट्ट आपण धरायचा नाही. आणि गोळेश्वरचे खाशाबा जाधव तर तुमच्याच जिल्ह्यातले, १९५२ला हेलसिंकीत कुस्तीचं ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, ते मुलांना माहीत नसेल तर आजच सांगा.

कबुतरांना मात्र स्पष्ट नाही म्हणा. १९८८ला सोलमध्ये ज्योतीच्या कुंडावर बसलेली कबुतरं आगीत होरपळली, नंतर खरी सोडणंच बंद झालं. कागदाची करा.

ज्योतीलाही खरी आग नको. लंडनमध्ये प्रत्येक संघासोबत एक लहान मूल तांब्याची पाकळी घेऊन आलं, अशा २०४ पाकळ्या जोडून कुंड झालं. तुमच्याकडे पुठ्ठ्याच्या पाकळ्या, मध्ये केशरी ओढणी, खालून टेबलफॅन, झालं काम. पेटवायला कोण, ते मुलं चिठ्ठ्या टाकून ठरवतील.